लहान कुत्रं सारखं खाजवून राहिलं तर कारण कसं शोधायचं

आमची चिंगी पाच किलोची, पामेरियन अन् गावठी मिक्स. मागच्या पावसाळ्यापासून ती रात्रंदिवस खाजवून राहिली होती, शेपटीच्या मुळाशी दातानं केस उपटून उपटून चामडी उघडी पडली, अन् आम्ही दर वेळी तेच करायचो, तालुक्याला न्यायचं, खाजेचं इंजेक्शन द्यायचं, आठ-दहा दिवस शांत, मग पुन्हा सुरू. असं चार वेळा झालं. ते इंजेक्शन बहुतेक वेळा स्टेरॉइडचं असते, ते खाज दाबते पण कारण जागेवरच राहते, अन् खरूज किंवा डेमोडेक्सचे (केसांच्या मुळात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे) किडे असले तर उलट वाढतात. हे आम्हाला फार उशिरा समजलं, तुमचं तसं होऊ नये.

औषधाच्या आधी चार दिवस नुसतं बघा. जुन्या वहीत लिहून ठेवा, कुठं खाजवते, केव्हा जास्त, काय खाल्लं, कुठं लोळली. जागेवरून लई काही समजते. पाठीचा मागचा भाग, शेपटीचं मूळ, मांडीची आतली बाजू असेल तर आधी पिसवांचा संशय घ्या. कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचे घोटे अन् पोट असेल तर खरूज. पंजे चाटून चाटून पांढरे केस तांबूस झाले, तोंड, काखा, जांघा लाल दिसतात तर ॲलर्जी असू शकते. नुसतं डोकं झटकते अन् कानाला वास येते, तर कानातच बघा. ढुंगण जमिनीवर घासत चालते तर तिथल्या ग्रंथी भरल्या असतील, त्या डॉक्टर दाबून रिकाम्या करतात.

आता पिसवा. दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं समजू नका, ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते ते चाटून-चावून त्या खाऊन टाकते, अन् अशा कुत्र्याला थोडेसे चावेही पुरतात. उवांची बारीक दाताची फणी घ्या, शेपटीच्या मुळाशी उलट्या दिशेनं फिरवा, फणीत जे काळे बारीक कण येतील ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. दोन मिनिटांत कणाभोवती तांबडा-तपकिरी रंग सुटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असली तर रंग सुटत नाही. आम्ही ही तपासणी केली अन् कापूस तांबडा झाला, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण एवढे महिने ती त्याच त्रासात होती.

मग प्रश्न आला, पिसवा येतात कुठून, कारण चिंगी घराबाहेर फारशी जात नाही. आमच्या छपरीला लागूनच शेळ्यांचा गोठा आहे, अन् चिंगी दुपारी तिथंच कुटाराच्या पोत्यावर झोपते. शेळ्यांना बघितलं तर त्यांच्या अंगावरही पिसवा. कुत्र्याच्या अंगावर दिसते तो पिसवांचा थोडाच भाग, अंडी, अळ्या अन् कोष जमिनीच्या भेगांत, पोत्यांत, बाजेखालच्या धुळीत असतात, अन् कोष कित्येक महिने तसाच पडून राहू शकतो. म्हणून एकट्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध द्यावं लागते, शेळ्यांचं त्यांच्या डॉक्टरला विचारून, अन् हे किमान तीन महिने चालू ठेवावं लागते. पोतं जाळलं, अंथरूण उकळत्या पाण्यात धुतलं, झाडलेली धूळ गोळा करून लांब टाकली, भेगा मातीनं बुजवून सारवलं. मांजर असेल तर परमेथ्रिन (पिसवा-गोचीड मारायचं रसायन) असलेलं कुत्र्याचं औषध तिच्या जवळपासही येऊ देऊ नका, मांजराला ते विष आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. पऱ्हाटीवर फवारायचं औषध, रॉकेल, जळालेलं ऑइल कुत्र्याला लावू नका. गावात सर्रास लावतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कास्तकार अन् मजूर मेले, मोठ्या माणसाची ही गत होते, तर अंग चाटणाऱ्या पाच किलोच्या जीवाचं काय होईल. गुरांना किडे-जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही स्वतःच्या मनानं देऊ नका, ते गाईला ५० किलोमागं १ मिली या हिशोबाचं असते, लहान कुत्र्यात ती मात्रा अंदाजानं काढताच येत नाही अन् काही जातींना तर ते थोडंसंही बाधते.

खरूज ओळखायची एक साधी युक्ती आहे, कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळा, कुत्र्यानं लगेच मागचा पाय हलवायला सुरुवात केली तर संशय पक्का करा. घरातल्या पोट्ट्यांच्या हातावर, पोटावर लाल पुरळ येऊन खाज सुटली असेल तर तेही डॉक्टरला सांगा, कुत्र्याची खरूज माणसाला थोडे दिवस त्रास देते. चामडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तरी हा किडा बऱ्याचदा सापडत नाही, म्हणून रिपोर्ट कोरा आला तरी डॉक्टर औषध देऊन बघतात, त्यात त्यांची चूक नसते.

किडे नाहीत हे पक्कं झाल्यावरच खाण्याकडं वळा, आधी नको. कुत्र्यानं कधीच न खाल्लेलं एक प्रोटीन निवडायचं, चिकन, दूध, पोळी खाऊन वाढलेल्या कुत्र्याला काटे काढलेली तळ्याची मासोळी अन् भात, आठ आठवडे फक्त तेवढंच. बिस्किट नाही, दुधाचा थेंब नाही, पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा तुकडाही नाही, अन् शेजारच्या आजीलाही तसं सांगून ठेवा कारण ती हमखास देते. फरक पडला तर जुनं खाणं परत सुरू करा, दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तर कारण त्यातच आहे.

दर पावसाळ्यानंतर पंजे अन् पोट लाल होत असेल तर वावराच्या धुऱ्यावरच्या गाजर गवतावर नजर ठेवा, बाहेरून आल्यावर साध्या पाण्यानं पाय अन् पोट पुसा. हवेतल्या परागकणांची ॲलर्जी बहुतेक सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते. चामडी तेलकट, काळपट अन् आंबूस वासाची झाली तर वर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, बसलेलं असते, त्याला डॉक्टरनं सांगितलेला शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवावा लागते. माणसाचा साबण वापरू नका, चामडी कोरडी पडून खाज वाढते.

डॉक्टरकडं जाताना वही न्या, अन् आधीचं इंजेक्शन कोणत्या तारखेला झालं ते नक्की सांगा, त्यानं तपासणीचे निकाल बिघडू शकतात. तालुक्याला चामडी तपासायची सोय नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यालाही पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे. गोचीड निघालेलं कुत्रं खाणं सोडून बसलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी गडद झाली, तर खाज बाजूला ठेवा अन् त्याच दिवशी न्या, गोचिडाचा ताप लवकर धरला तर वाचते.

चिंगीची खाज तीन आठवड्यांत बरीच कमी झाली, पण शेपटीजवळचे केस यायला अडीच महिने लागले. औषध मात्र केस आल्यावरही ठरलेल्या तारखेपर्यंत चालू ठेवलं, अन् शेळ्यांचा गोठा आता दर पंधरवड्याला झाडून सारवतो.