साठीनंतर मेंदूला कोणते काम द्यावे

सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातील शब्दकोडे दहा मिनिटांत सोडवणाऱ्या ज्येष्ठांना आपला मेंदू कामात आहे असे वाटते, आणि सुरुवातीची काही वर्षे ते खरेही असते. परंतु तीच शोधसूत्रे आणि तीच उत्तरे पाठ झाली की त्या कोड्याची केवळ सवय उरते. म्हणून स्मृतिभ्रंश लांबवण्यासाठी एखादा छंद निवडताना तीन प्रश्न विचारावेत: तो आपल्याला नवा आहे का, तो करताना थोडे अडखळायला होते का आणि तो चार माणसांत करता येतो का.

आयुष्यभर शिकत राहिलेल्या मेंदूकडे कार्यक्षमतेचा एक राखीव साठा जमतो, त्यामुळे आजाराने काही पेशी निकामी झाल्या तरी तो दुसऱ्या वाटेने काम भागवतो आणि लक्षणे उशिरा दिसतात, असे तज्ज्ञ मानतात. आजार होणारच नाही अशी हमी मात्र कोणी देऊ नये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार चौदा कारणांवर उपाय झाल्यास स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतात. त्या यादीत कमी शिक्षण व एकटेपणा यांच्या जोडीला कमी ऐकू येणे, उच्च रक्तदाब आणि मधुमेहही आहेत.

गोव्यात यासाठी वेगळे वर्ग शोधण्याची फारशी गरज नाही. गावच्या भजनी मंडळात आपण वर्षानुवर्षे टाळ धरून बसत असाल, तर यंदा कधीही न म्हटलेला एक अभंग मुखोद्गत करावा. पहिल्या दिवशी दोन चरण वाचून वही मिटावी, आठवून म्हणावे आणि पूर्ण अडल्यावरच वही उघडावी. तेच चरण दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा न पाहता म्हणावेत. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा अशा आठवण्यानेच मजकूर मनात पक्का बसतो. त्यानंतर पेटी किंवा पखवाज शिकायला घ्यावा. हात चुकतील, मंडळातील तरुण हसतीलही, पण त्या चुकण्यातच सराव आहे. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा मागोवा घेणाऱ्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला होता. मुळात ज्यांचा मेंदू शाबूत होता तेच नाचायला गेले असतील, ही शंका अशा अभ्यासावर घेता येते. तरीही पौषात मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या पवित्र जागी, धालो हे लोकनृत्य खेळणाऱ्या स्त्रियांना पावले, ओव्या आणि शेजारणीचा ताल एकाच वेळी सांभाळावा लागतो, यापेक्षा पूर्ण व्यायाम मला तरी माहीत नाही.

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली रानफळाफुलांची चौकट, हीसुद्धा स्मरणशक्तीची उत्तम शाळा आहे. माटोळी बांधून झाल्यावर आजीने नातवंडांना खाली उभे करून कांगलां, घागऱ्यो, कवंडळ, आंबाडे अशी एकेक वस्तू ओळखायला लावावी आणि ती कोणत्या डोंगरावर मिळते, कशासाठी वापरतात तेही सांगावे. दोन दिवसांनी माटोळीकडे न पाहता सगळ्या वस्तूंची यादी लिहावी. यात नातवंडांनी आजीला हरवले तर उत्तमच, कारण पुढच्या वर्षी ती अधिक तयारीने बसेल.

भाषांच्या बाबतीत गोमंतकीय माणूस आधीच श्रीमंत आहे: घरात कोंकणी, वाचनात मराठी, कचेरीत इंग्रजी आणि जुन्या पिढीत थोडी पोर्तुगीज. हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले, आणि निरक्षरांमध्येही फरक आढळला. म्हणून गंजत पडलेली भाषा पुन्हा वापरात आणावी. आठवड्यातून एकदा मराठी बातमी वाचून ती शेजाऱ्याला कोंकणीत सविस्तर सांगणे एवढाही आरंभ पुरेसा आहे.

शरीराकडे दुर्लक्ष झाले तर हा सगळा सराव अपुरा पडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले, त्यामुळे साखर आणि रक्तदाब नियमित तपासावेत. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू गप्पांतून, मग मंडळातूनही बाहेर पडतो. कानाची तपासणी करून गरज असल्यास श्रवणयंत्र लावण्यात संकोच करू नये. रोज चालावे, तंबाखू सोडावी आणि स्कूटरवर मागे बसतानाही हेल्मेट घालावे.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाचे असू शकते. पण रोजच्या बाजाराच्या वाटेवर चुकणे, एकच गोळी दोनदा घेणे किंवा तासाभरात तोच प्रश्न चौथ्यांदा विचारणे असे घडू लागल्यास कोडी वाढवत न बसता जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवावे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो व त्यांवर उपचार होऊ शकतात. जाताना घरच्या माणसाने मागील दोन-तीन महिन्यांत काय काय घडले याची तारखेनिशी नोंद आणि चालू औषधांची पाकिटे सोबत न्यावीत, कारण रुग्णाला स्वतःचे विसरणे पुष्कळदा आठवत नाही.