टीम घेऊन फॉसडेमला जायचंय? मग हे आधी ठरवा

फॉसडेम म्हणजे ब्रसेल्सला दरवर्षी भरणारी ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरची कॉन्फरन्स. एन्ट्री फुकट, रजिस्ट्रेशनपण नाही, त्यामुळे गर्दी तुफान, आणि तिकीट नाही म्हणजे प्लॅनिंगपण नको असं समजलात तर फसाल. शेड्यूल आलं की एक शीट बनवा, ज्याने त्याने आपले टॉक टाका, एकाच टॉकला पाच जण बसण्यात काही अर्थ नाही, वाटून घ्या. रूम भरली की आत सोडत नाहीत, म्हणून हवा असलेल्या टॉकच्या आधीच्या टॉकलाच जाऊन बसायचं. नाहीच जमलं तर लाइव्ह स्ट्रीम असतो, रेकॉर्डिंगपण नंतर येतं. खरी मजा मला विचाराल तर स्टॉलवर, आपण रोज वापरतो ते प्रोजेक्ट बनवणारी माणसं तिथे समोर भेटतात, अडलेला बग सोबत न्या. आणि ऑन-कॉल, म्हणजे मागे सिस्टिम बिघडली तर बघायला, कोण राहणार ते निघायच्या आधीच ठरवा हां.