कायम नोकरीतून कंत्राटी कामाकडे वळताना

कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाली की घाईने राजीनामा देण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि सेवेची सलग 5 वर्षे पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी तेवढे थांबावेच. गृहकर्ज घ्यायचे असल्यास तेही पगाराची स्लिप हाती असतानाच मंजूर करून घ्यावे.

खरी चूक होते ती दर ठरवताना. वर्षाच्या 365 दिवसांतून शनिवार-रविवारचे 104, सणांचे 15, रजा व आजारपणाचे 20 आणि दोन कामांमधल्या खंडाचे 26 दिवस वजा केले, की बिल लावता येतील असे 200 दिवसच उरतात. म्हणजे 18 लाखांच्या वार्षिक पॅकेजची बरोबरी करायलाच दिवसाला 9,000 रुपये लागतात, आणि विमा, लॅपटॉप, सीएची फी हे सारे त्यावर वेगळे.

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्याआधीच घ्यावी, विशेषतः घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर, कारण जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ 3 वर्षांपर्यंत असू शकतो. पीएफ मोडू नये.

करारात पैसे किती दिवसांत मिळतील हे स्पष्ट लिहून घ्यावे. सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून सरकारकडे विनाशुल्क होणारी उद्यम नोंदणी केली, तर कायद्याने 45 दिवसांपलीकडची मुदत लादता येत नाही. माझ्या मते हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावे. वार्षिक उलाढाल 20 लाखांपुढे गेल्यास जीएसटी नोंदणी बंधनकारक ठरते.