पोलीस भरतीचा पॉलिग्राफ: निकाल नेमका कुठवर जातो?

अमेरिकेत पोलीस खात्यात किंवा फेडरल (केंद्र सरकारच्या) एजन्सीत अर्ज करणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलामुलींना वाटतं की पॉलिग्राफपासून, म्हणजे खोटं पकडण्याच्या मशीनवरच्या चाचणीपासून, वाचवणारा 1988 चा एम्प्लॉयी पॉलिग्राफ प्रोटेक्शन अ‍ॅक्ट पाठीशी आहे. नाही. तो खासगी मालकांसाठी आहे. फेडरल, राज्य आणि स्थानिक सरकारं त्यातून वगळलेली आहेत. संमतीशिवाय अशी चाचणी घेता येत नाही, असं सांगणारा भारताच्या सुप्रीम कोर्टाचा 2010 चा सेल्वी निकालही इथे कामाचा नाही. कागदोपत्री सक्ती नसते, पण चाचणीला नकार दिलात की बहुतेक ठिकाणी अर्ज तिथेच संपतो. मॅसॅच्युसेट्स हा अपवाद, तिथे पोलीस उमेदवाराचीही अशी चाचणी घेता येत नाही. एफबीआय मात्र 1994 पासून नव्याने नोकरीत येणाऱ्या सगळ्यांची चाचणी घेते.

आता खरी गोम. अर्जासोबत माहिती देण्याच्या संमतीचा एक कागद असतो, बरेचदा नोटरी केलेला. तो न वाचता सही करू नका. त्यात तुम्ही आधीच्या मालकांना, बँकांना आणि जिथे पूर्वी अर्ज केला त्या पोलीस खात्यांनाही तुमची फाइल उघडायची मुभा देता. देशभरातले निकाल साठवणारा एखादा कॉम्प्युटर असेल या भीतीने लोक हैराण होतात, पण त्याची गरजच पडत नाही. बॅकग्राउंड इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे उमेदवाराची पार्श्वभूमी तपासणारा अधिकारी, तुमची सही दाखवून जुन्या खात्याकडून फाइल मागवतो किंवा तिथे बसून वाचून काढतो.

फाइलमध्ये तो आलेखापेक्षा अहवाल आधी वाचतो. छाती-पोटावरच्या दोन नळ्या, दंडावरचा पट्टा आणि बोटांवरच्या पट्ट्या यांनी काढलेल्या रेघा त्याला स्वतःला वाचता येतीलच असं नाही. अहवालात मात्र मशीन लावण्याआधीच्या मुलाखतीत तुम्ही काय कबूल केलंत ते परीक्षकाच्या शब्दांत असतं. तुम्ही म्हणालात, ‘कॉलेजात दोन-तीनदा गांजा ओढला असेल.’ त्याने लिहिलं: 3 वेळा. पुढच्या खात्याच्या फॉर्मवर तुम्ही लिहिलंत: 1 वेळा. आता प्रश्न गांज्याचा उरला नाही, खरं बोलण्याचा झाला, आणि उमेदवार बाद होतात ते इथेच. म्हणून आकडा, वर्ष, ठिकाण आधी स्वतःशी नक्की करा, कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तेच सांगा. नक्की आठवत नसेल तर ‘जास्तीत जास्त इतक्या वेळा’ असं सांगा आणि तसंच लिहून घ्यायला सांगा.

भारतातल्या नातेवाइकांचंही तेच. फेडरल नोकरीच्या सुरक्षा तपासणीसाठी भरायच्या एसएफ-86 फॉर्ममध्ये गेल्या 7 वर्षांतले जवळचे परदेशी संपर्क विचारतात. एकीकडे दोन चुलतभाऊ आणि दुसरीकडे आठ, असं होऊ देऊ नका. घरच्यांबरोबर बसून यादी करा.

‘याआधी पॉलिग्राफ दिली आहे का?’ याला खोटं उत्तर तर कधीच नको. कुठे, कधी आणि काय निकाल कळवला, एवढं सरळ लिहा. एकदा नापास झालात म्हणजे दारं बंद झाली असं नाही. पुष्कळ खाती स्वतःची चाचणी नव्याने घेतात. नोकरीपूर्व चाळणीसाठी ही चाचणी पुरेशी अचूक नाही, असं अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमी या विज्ञान संस्थेच्या समितीनेच 2003 मध्ये सांगितलं आहे. तेव्हा स्वतःला खोटारडं समजू नका. गंभीर गुन्ह्याची कबुली मात्र भरती विभागातच राहील असं धरून चालू नका, ती तपासाकडे जाऊ शकते. तसं काही असेल तर आधी वकील गाठा.

मशीनला चकवायचे क्लास मला साफ नामंजूर आहेत. असं शिकवणाऱ्या दोघांच्या ग्राहकांची 4,904 नावांची यादी सीबीपीने (अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण विभागाने) जवळपास 30 फेडरल एजन्सींना वाटली, हे 2013 मध्ये उघड झालं. त्यातल्या अनेकांचा सरकारी नोकरीशी संबंधही नव्हता.

फेडरल एजन्सीकडची स्वतःची फाइल मागायची तर 1974 च्या प्रायव्हसी अ‍ॅक्टखाली आणि सोबत माहिती स्वातंत्र्य कायद्याखालीही, असा एकच अर्ज करा. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक दोघांनाही तो करता येतो. एफबीआयसाठी तुमची ओळख पटवणारा डीओजे-361 फॉर्म जोडा. अर्जाची तारीख, पद आणि चाचणीचं शहर लिहा. उत्तराची मुदत 20 कामकाजाचे दिवस आहे, प्रत्यक्षात महिने लागतात. आलेल्या कागदांत बराच मजकूर काळा करून झाकलेला असतो. अहवालात तुमचं म्हणणं चुकीचं नोंदलेलं दिसलं तर दुरुस्ती मागा, आणि ती नाकारली तर तुमचं लेखी निवेदन फाइलला जोडायची मागणी करा. राज्याच्या किंवा शहराच्या खात्यांना प्रायव्हसी अ‍ॅक्ट लागू नाही. तिथे त्या राज्याचा नियम पाहूनच अर्ज करा.