रविवारी टेबलावर वायर-कॅथेटर जुळवून बघायचेत, त्याची तयारी

रविवारी मिरजेत आपण रक्तवाहिनीत घालायच्या वायर, कॅथेटर (लांब बारीक नळ्या), बलून एकमेकांत आणि रक्तवाहिनीच्या जागी धरलेल्या सिलिकॉनच्या नळीत घालून बघणार आहोत, कुठलं कशातनं जातं ते, मागच्या वेळी निम्मा दिवस सामान शोधण्यातच गेला म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

सामान एक्स्पायरी गेलेलंच घ्या आणि पाकीट फोडल्या फोडल्या लाल टेप मारा, चुकून परत कॅथलॅबच्या (जिथं हे सामान पेशंटवर वापरतात) कपाटात गेलं तर लै अवघड होईल. पाकिटं मात्र टाकू नका, लॉट नंबर आणि मापं त्यावरच असतात. आणि खरा घोळ मापातच आहे बघा, शीथवरचं (रक्तवाहिनीत शिरायच्या तोंडाशी बसणारी नळी) ६ फ्रेंच (३ फ्रेंच म्हणजे १ मिमी) हे आतलं माप आणि गाइड कॅथेटरवरचं (शीथमधनं जाणारी, वायर-बलून आत नेणारी नळी) ६ फ्रेंच हे बाहेरचं, म्हणजे २ मिमी, म्हणून ते त्या शीथमधनं जातं. पण गाइडच्या आत जागा उरते साधारण ०.०७० इंच, पावणेदोन मिमीच्या जरा वर, आणि ती पण कंपनीगणिक थोडी बदलते. तेव्हा नुसता फ्रेंच नंबर लिहून आणलात तर परत पाठवीन, आतलं माप इंचात पाहिजे.

वायर ०.०१४ आणि ०.०३५ इंच दोन्ही घ्या. ०.०१४ ची म्हणजे जेमतेम ०.३६ मिमी, सतारमेकर गल्लीतल्या तारेसारखी ताणून बघायची नाही, एकदा मुडपली की पुढचे सगळे रिझल्ट खोटे.

लांबी मोजताना वाय-कनेक्टर (गाइडच्या मागच्या टोकाला लागणारा जोड) लावूनच मोजा, मी एकदा तो विसरलो आणि बलून गाइडच्या तोंडापाशीच संपला. ओव्हर-द-वायर बलून (वायर त्याच्या पूर्ण लांबीतनं जाते) असेल तर ३०० सेंमीची वायर लागेल, कारण बलून पूर्ण बाहेर काढेपर्यंत वायरचं मागचं टोक हातात राहायला पाहिजे, मोनोरेलला (वायर फक्त पुढच्या थोड्या भागातनं जाते) १८०-१९० ची चालते.

नळीतलं पाणी ३७ डिग्रीला, म्हणजे अंगाच्या तापमानाला, थर्मामीटर लावून. रूमच्या भरवशावर राहू नका, आपल्याकडं मे महिन्यात दुपारी रूमच चाळिशीला जाते आणि जानेवारीत सकाळी बोटं आखडतात, आणि नायटिनॉलचा (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) गारठ्यात मऊ पडतो, उबेत ताठ होतो. हायड्रोफिलिक (ओलं झालं की निसरडं होणारं) कोटिंग सलाइननं ओलं केल्याशिवाय आत घालू नका. सिलिकॉनच्या नळीत पाण्याला थोडा भांड्याचा साबण लागतो नाहीतर सगळंच चिकटतं, पण मग प्रत्येक जोडीला तेच पाणी ठेवा.

आत गेलं की लगेच टिक मारू नका. बलून फुगवा, रिकामा करा, वळणातनं परत ओढा, फुगवून झालेला बलून नव्यासारखा घट्ट घडी होत नाही आणि अडकतो तो बहुतेक परत येतानाच. स्प्रिंगकाटा आणा, ‘जरा जड गेलं’ हे माप नव्हे.

एम्बोलायझेशनचं (रक्तवाहिनी मुद्दाम बंद करायचं) सामान वेगळ्या ट्रेमध्ये. त्यातल्या डीएमएसओ या द्रावकानं काही प्लॅस्टिक विरघळतं, लिपिओडॉल या तेलकट औषधानं पॉलिकार्बोनेटच्या थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) तडे जातात, म्हणून तिथं मापाआधी मटेरियल वाचा. ग्लोव्हज, जुने टॉवेल आणि एक्स्टेन्शन बोर्ड मी आणतो. इनव्हर्टरचं तेवढं कुणीतरी बघा, लाइट गेली की पाणी गार होतं आणि मग पहिल्यापासनं.