गावात जैवविविधता समिती कशी स्थापन करायची आणि ती चालती कशी ठेवायची

आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा की आपल्याकडे जैवविविधता व्यवस्थापन समिती, म्हणजे गावातली झाडं, प्राणी, बियाणं यांची नोंद आणि जपणूक बघणारी गावाची समिती, आहे का. बऱ्याच गावांत ती कागदावर असते आणि गावात कुणाला पत्ताच नसतो, कारण राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले बघणारं न्यायाधिकरण) समित्या करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती आणि नंतर उशीर करणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाख भरायला लागणार होते, त्यामुळे तेव्हा घाईघाईत समित्या झाल्या. असेल तर ठरावाची कॉपी आणि सदस्यांची यादी मागा. नसेल किंवा समितीची मुदत संपली असेल तर नव्याने करा, जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ४१ मध्ये त्याची तरतूद आहे.

ग्रामसभेत विषय घ्यायला लावा आणि ठराव करून घ्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सदस्य कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ११ असतात, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या जागा किती ते राज्याच्या चालू नियमात बघा.

खरी कसोटी नावं ठरवताना लागते. सरपंचाच्या जवळची माणसं भरली की समिती संपलीच समजा. गुरं राखणारा, वैदू, नदीत मासे धरणारा, घरात जुनं बियाणं जपून ठेवलेली आजी, ही माणसं पाहिजेत. लिहिता येत नसेल तरी चालेल, लिहायला कॉलेजची पोरं आहेत.

मग मुख्य काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावात काय उगवतं, काय राहतं आणि लोकांना त्याबद्दल काय माहीत आहे ते लिहून ठेवायची वही. हे एजन्सीला देऊन आठ दिवसांत उरकू नका प्लीज, शेजारच्या गावाची वही नाव बदलून आपल्या गावाला चिकटवली जाते आणि तिचा काडीचा उपयोग नसतो. समजा शेवळं लिहायचीत, तर नुसतं 'रानभाजी' लिहून काय कळणार? पहिल्या पावसात कुठल्या उतारावर येतात, कोण खुडतं, खाजू नये म्हणून सोबत काकडं (एक आंबट रानफळ) घालतात, आधीपेक्षा कमी झालीत का आणि कशामुळे, हे सगळं सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा, फोटो काढा. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिन्ही फिरल्याशिवाय वही पूर्ण होत नाही. वैदूने औषधाची कृती सांगितली तर त्याला विचारल्याशिवाय ती कुणालाही दाखवू नका, ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

स्थानिक जैवविविधता निधीचं वेगळं बँक खातं उघडा. व्यापारासाठी हिरडा वगैरे गोळा करून नेणाऱ्याकडून समिती शुल्क घेऊ शकते, ते त्यात जमा होतं. घरच्यासाठी भाजी खुडणाऱ्या बाईला याचा त्रास होता कामा नये हे मीटिंगमध्ये स्पष्ट बोलून घ्या. हद्दीतल्या जैविक संसाधनांच्या वापराबाबत निर्णय घेताना राज्य जैवविविधता मंडळाने आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने समितीशी सल्लामसलत करायची असते, तेव्हा हातात वही आणि सह्या केलेलं मीटिंगचं रजिस्टर असेल तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

गावात एखादी देवराई किंवा झरा फार महत्त्वाचा असेल तर ठराव करून नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे जैवविविधता वारसा स्थळाचा प्रस्ताव पाठवा. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळची जागा २०२१ मध्ये अशीच वारसा स्थळ जाहीर झाली, ती तिथे सापडलेल्या एका छोट्या माशासाठी. प्रस्तावाला नकाशा, गट नंबर आणि वहीतली त्या जागेची पानं जोडा.