ज्युरीच्या यादीत समाजाचे प्रतिबिंब पडते का? तपासताना या चुका टाळा

अमेरिकेतील ज्युरी समाजाचे योग्य प्रतिनिधित्व करते का, हे पाहताना अनेक जण खटल्यात बसलेल्या बारा जणांवरूनच निष्कर्ष काढून मोकळे होतात. एखाद्या गटाचा वाटा १० टक्के असेल आणि निवड निव्वळ चिठ्ठ्या टाकून झाली, तरी त्या बारा जणांत गटातील एकही माणूस नसण्याची शक्यता सुमारे २८ टक्के असते. म्हणून तपासायला हवी ती समन्स गेलेल्यांची दीर्घकाळाची यादी.

१९७७ च्या कास्टानेडा विरुद्ध पार्टिडा या खटल्यात नेमकी अशीच यादी तपासली गेली. टेक्सासमधील हिडाल्गो काउंटीत मेक्सिकन-अमेरिकन ७९.१ टक्के होते. अकरा वर्षांत ग्रँड ज्युरीसाठी (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासाठी) बोलावलेल्या ८७० जणांत ते सुमारे ६८८ असणे अपेक्षित होते, प्रत्यक्षात ३३९ निघाले. प्रमाण विचलन, म्हणजे निव्वळ योगायोगाने साधारणपणे पडणारा फरक, अवघे १२, म्हणजे तफावत २९ प्रमाण विचलनांची. ती योगायोगाच्या माथी मारता येत नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांनी असहमती नोंदवताना घेतलेला आक्षेप रास्त होता: तुलना एकूण लोकसंख्येशी नव्हे, ज्युरीसाठी पात्र असलेल्यांशी व्हावी. गफलत बहुधा गणितात नसतेच, ती छेदात, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या लोकसंख्येत असते.

गट लहान असेल तर टक्क्यांची नुसती वजाबाकी फसवी ठरते. मिशिगनच्या केंट काउंटीत पात्र नागरिकांत कृष्णवर्णीय ७.२८ टक्के, तर बोलावलेल्यांत ६ टक्के होते. फरक १.२८ टक्क्यांचा, म्हणजे किरकोळ वाटतो. पण तोच गटाच्या वाट्याशी ताडला की सुमारे १८ टक्क्यांची घट दिसते. नुसत्या वजाबाकीची तफावत १० टक्क्यांहून अधिक हवी अशी अट घातली, तर हा गट यादीतून पूर्ण नाहीसा झाला तरी ती पुरी होणार नाही. २०१० मध्ये या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही प्रत्येक मोजमाप सदोष असल्याचे मान्य केले.

तफावत सिद्ध झाली तरी तिचे कारण आकडा सांगत नाही. त्यासाठी गळती कोणत्या टप्प्यावर झाली ते शोधावे लागते. मिसुरीतील जॅक्सन काउंटीत प्रौढांपैकी ५४ टक्के स्त्रिया होत्या, समन्स गेलेल्यांत २६.७ टक्के आणि ज्यांतून ज्युरी निवडली जाते त्या प्रत्यक्ष पॅनेलांत १४.५ टक्के, कारण स्त्रियांना मागताच मिळणारी सूट दोन्ही टप्प्यांवर उपलब्ध होती. हेतू नसतानाही असे घडते. कनेक्टिकटमध्ये हार्टफर्ड शहराच्या इंग्रजी नावातील शेवटचे ‘डी’ अक्षर संगणकात शेजारच्या रकान्यात सरकले, तिथे त्याचा अर्थ ‘मृत’ असा लागला आणि त्या शहरातील रहिवाशांना समन्स जाईनासे झाले. यादी गावनिहाय मांडली, तर असा दोष पहिल्याच नजरेत सापडतो.